टेसनाचा धोंडा

मथुरा मळ्यात गेली तर तिच्या भाताच्या कुणग्यात मधोमध एक धोंडा उभा.

काल नव्हता. आज मात्र बापजाद्यांपासून इथेच राहत असल्यासारखा ऐटीत उभा होता. कमरेएवढा, घडवलेला, अंगावर बाणाची खूण. मळ्याची माती काळी, आणि धोंड्याच्या बुडाला चिकटलेली माती मात्र सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळमाळाची, लालभडक. मेरेवरून गाडीची चाकं गेल्याने बांध दोन ठिकाणी ढासळला होता.

तिने धोंडा लगेच ओळखला. गावात ओळखत नव्हतं कोण? तो टेसनाचा धोंडा होता.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी कधीतरी गोऱ्या साहेबांनी कोकणात आगगाडी आणायची म्हणून मोजणी केली होती. या गावचं स्टेशन सड्यावरच्या कातळावर ठरलं आणि तिथे हा धोंडा पुरला गेला. मग लढाई लागली, साहेब गेले, गाडी काही आली नाही. राहिला धोंडा आणि राहिलं नाव. त्या कातळाला गाव टेसनच म्हणे. "कोकमाची सोलां खंय वाळत घातलंस गो?" "टेसनार." "म्हस खंय गेली?" "टेसनार चरता." रूळ नाही, डबा नाही, शिट्टी नाही, पण टेसन होतं.

पुढे सोमा गावकराने त्या कातळाच्या चारी अंगांनी हापूसची कलमं लावली. सोमा म्हणजे गावचा मानकरी. पालखीला पहिला खांदा त्याचा, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा, आणि अर्धा गाव त्याची शेती करणारा. आता बासष्ट सालच्या वैशाखात नवीन मोजणी आली. शेजारच्या कट्टा गावात तंबू पडले. साहेब म्हणाले, जुनं स्टेशन नेमकं कुठे धरलं होतं तेवढं सापडलं की तिथून आखणी करू. आणि ऐन फळाला आलेल्या कलमांचा धनी रात्रभर कुशी बदलत राहिला असणार.

"शिरा पडो तुझ्या तोंडार, सोम्या," मथुरा धोंड्याकडे बघत म्हणाली. कडेवरची शेवंती आईचा चढलेला आवाज ऐकून हसली. सहा महिन्यांच्या पोरीला शिवी आणि ओवी सारखीच. मथुराने तिच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं.

हा एक कुणगा. त्यावर सासू, ती आणि पोर वर्षभर जेवत. नवरा भिवा मुंबईला बोटीवर खलाशी. गणपतीला आला तर आला. पुरुष समुद्रावर, घरात दोन बायका आणि एक तान्हं पोर. सोम्याने जागा बरोबर हेरली होती.

सासू काशीबाई चुलीपुढे बसून म्हणाली, "गप ऱ्हव गो बाय. मानकऱ्याशी वैर आपल्याक झेपाचा नाय."

"आणि उपाशी ऱ्हवाक झेपात?"

"भिवा येवंदे. तो बघीत."

"भिवा येयसर हय रूळ पडतीत, आये! मग तो काय बोटीतसून उतरान थेट रुळार येवन बसतलो?"

काशीबाई फुंकणी उचलून विझलेल्या चुलीत फुंकत बसली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पुण्याकडचे, डोक्यावर टोपी, उन्हाने नाक सोललेलं. सोमाने गावातले पाचजण बरोबर आणले होते. पाचांपैकी प्रत्येकाची बायको आदल्या आठवड्यापर्यंत टेसनावर सोलं वाळवत होती. साहेबांनी विचारलं, जुनं स्टेशन इथेच होतं ना? पाचही माना हलल्या. मथुराच्या तोंडाकडे एकानेही पाहिलं नाही.

"खोटा आसा!" मथुरा बांधावर उभी राहून ओरडली. मग साहेबांना कळावं म्हणून शुद्ध बोलायला गेली. "साहेब, हा धोंडा परवा रात्री आणून पुरलाय. चाकं बघा. माती बघा. पावसात इथे कमरेइतकं पाणी होतं. टेसन पाण्यात बांधतात काय?"

साहेब वाईट नव्हते. दमलेले होते. "बाई, गावचे पंच एक सांगतात, तुम्ही एक सांगता. तुमच्या घरात पुरुष माणूस कोण आहे?"

मथुराला वाटलं, कोणीतरी तोंडात मारली. "पुरुष माणूस?" ती म्हणाली. "हे पाच उभे आहेत ते पुरुषच आहेत ना? विचारा त्यांना सोलं कुठे वाळतात ते!"

पाचजणांत बाबली होता, तिला वयनी म्हणणारा, भिवाचा लहानपणचा सोबती. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

सोमा गोड हसला. "साहेब, बायल माणूस आसा. घोव नाय घरात, डोक्या फिरलेला. असा करूया, देवाक कौल लावया. देव खोटा बोलात? तुमीव या."

कौल म्हणजे देवाच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. आणि पाकळी किती ओली करायची, ते लावणाऱ्याच्या बोटात. लावणारा गुरव सोमाच्या जमिनीवर जगणारा. मथुरा सगळं ओळखून होती. तिला सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच. जमीन खायची तर स्वतःच्या तोंडाने खा ना! देवाचं तोंड कशाला उष्टं करता?

सोमवारी देवळाच्या मांडात, म्हणजे पुढच्या मंडपात, गाव जमला. साहेब मागे खांबाला टेकून उभे, गंमत बघायला आल्यासारखे. मथुरा बायकांत बसली होती. शेवंतीला पदराखाली घेतलं होतं, पण राग दुधात उतरतो म्हणतात तशी पोर सारखी तोंड काढून कुरकुरत होती. मथुराने तिला थोपटलं. "गप गो माझ्या सोन्या, ह्यां तुझ्याच पोटासाठी आसा."

पाकळ्या लागल्या. सोमा हात जोडून पुढे झाला.

"बा देवा म्हाराजा! तू ह्या गावचो राखणदार..."

"होय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणाला.

"आज तुझी लेकरा हात जोडून तुझ्या पायाकडे इली आसत..."

"होय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याची रीत अशी. घालणारा एक वाक्य टाकतो, थांबतो, आणि डोळे मिटून हात जोडलेला अख्खा गाव त्याला होय म्हणतो. त्यात ऐकून विचार करायचा नसतो. शेंबड्या पोरापासून थेरड्यापर्यंत सगळ्यांच्या छातीतून तो होकार आपोआप निघतो. आणि एकदा सुरू झालेलं गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नाही, हा गावचा नेम. तोडलं तर देवाचा कोप.

सोमा श्वास घ्यायला थांबला, आणि मथुरा उठली.

"बा देवा म्हाराजा!" तिचा आवाज मांडाच्या आढ्याला लागला. "तुझ्या गावात रेल्वेचो साहेब इलो..."

"होय म्हाराजा!"

"तेका जुना टेसन खंय होता तां होया झाला..."

"होय म्हाराजा!"

सोमाने डोळे उघडले. बाईमाणूस गाऱ्हाणं घालतंय! त्याने हात वर केला, पण तोडायचं कसं? तो स्वतःच मानकरी, नेम त्याच्याच घराण्याने सांभाळलेला.

"टेसन सड्यावर, कलमांच्या मधी, जय आमी बायका सोलां घालतंव, तय आसा, ह्यां ल्हान पोराकव ठावक आसा..."

"होय म्हाराजा!" या वेळी बायकांचा आवाज पुरुषांच्या वर गेला. काही पुरुषांच्या कानात शब्द शिरले, त्यांची तोंडं अर्धी उघडी राहिली.

"तो धोंडो उपटून, गाडयेत घालून, जिचो घोव बोटीर आसा तिच्या कुणग्यात हाडून पुरलो..."

आता एकच आवाज आला, खणखणीत, मनापासून. "होय म्हाराजा!"

सोमाचा गाडीवान लवू. डोळे गच्च मिटलेले, हात कपाळाला. मांडात सामसूम झाली तशी त्याने एक डोळा उघडला, सोमाकडे पाहिलं आणि जीभ चावली.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग साहेब खांबापासून सरळ झाले.

"हा सडा कुठल्या बाजूला?"

बायका एकदम बोलायला लागल्या. कोणी हात दाखवला, कोणी वाट सांगितली. रुक्मिणी नावाची सोमाच्याच वाड्यातली चुलत सून म्हणाली, "चला, मी दाखयतंय. खळगो अजून तसोच आसा, चौकोनी, छिन्नीन खणलेलो."

"बायल माणसान गाऱ्हाणा घातला!" सोमा ओरडला. "देवळ बाटला!"

म्हातारा गुरव पाकळ्या काढत होता. तो मान न वळवता म्हणाला, "घातला तां घातला. होय तुमीच म्हटलात."

दुपारी साहेब सड्यावरून खाली आले. धोंडा होता तिथे परत नेऊन ठेवा म्हणाले. कलमांचं काय होणार, गाडी कधी येणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मथुरा मळ्यात उभी होती. साहेबांपुढे मान हलवणारे तेच पाचजण आणि लवू, सहाजण पहारी घालून धोंडा उचकटत होते. घामाने निथळत होते. तिने पाणी विचारलं नाही.

"मेरेवरना नाय!" ती म्हणाली. "मेर तुमीच मोडलात. आधी बांधा, मग जावा."

त्यांनी निमूटपणे बांध रचला. धोंडा गाडीवर चढला. बाबली जरा मागे रेंगाळला. शेवंतीच्या गालाला बोट लावायला म्हणून त्याने हात पुढे केला. मथुरा पोरीला घेऊन एक पाऊल मागे सरली.

"वयनी, राग धरू नको गो. आमचीव पोटा आसत."

"धरलंय," मथुरा म्हणाली. "सोम्याचो राग उद्यापर्यंत जायत. तो चोर, तो चोरी करतलोच. पण तू माका वयनी म्हणतंस, बाबली. तुझो राग इतक्यात जावचो नाय."

तो गाडीमागून गेला. ती कुणग्यात उतरली आणि धोंड्याने पाडलेला खड्डा पायाने माती लोटून बुजवायला लागली. पोर खांद्यावर झोपली होती.