मालकाची जोडी

लोखंड तुटतं तेव्हा त्याचा आवाज फार मोठा नसतो. वाळक्या बांबूवर कुऱ्हाडीची उलटी बाजू मारावी, एवढाच. भोजराजने रेस वाढवली, क्लचवरचा पाय एकदम उचलला, जीप हातभर उसळली आणि मागून तो आवाज आला. त्यानंतर इंजिन नुसतं बोंबलत राहिलं. चाकं जागच्या जागी.

भोजराजने स्टेअरिंगवर मूठ हाणली आणि एक सणसणीत शिवी घातली. कोणाला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"अजी, तुटला का?" शेडच्या दारातून सत्यवती ओरडली.

"तुटला."

"बरं झालं. चहा ठेवते. अॅक्सल तुटला का तुमचं एका शिवीवर भागते, अन् माह्या हातून कप फुटला का गाव डोक्यावर घेता."

मोहाच्या झाडाखाली खाटेवर पडलेला धनीराम, म्हणजे भोजराजचा बाप, हे सगळं बघत होता. त्याने मान फिरवली आणि पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

आंधळगावच्या सडकेला लागून भोजराजची टिनाची शेड होती. तिथं तो पंप, ट्रॅक्टर, फटफट्या, जे येईल ते दुरुस्त करायचा. शेडच्या मागं धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. कापणी झाली की तिथले धुरे, म्हणजे मधले बांध, फोडायचे, जमीन दाबून सपाट करायची आणि गावाचा शंकरपट भरवायचा. बैलांची शर्यत. दोन जोड्या, दोन हलके छकडे, आणि छकड्यावर उभा धुरकरी, म्हणजे बैल हाकणारा. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच खेळ खलास. पण त्या खेळासाठी आमच्या भागातली माणसं वर्षभर बैलाला जपतात. उडदाचं पीठ, गूळ, तूप, अंडी. बैल खातो आणि धुरकरी बघतो. धुरकऱ्याला पेज आणि मिरचीचा ठेचा, आणि वर शाबासकी.

धनीराम भैय्याजी मालकाचा धुरकरी होता. मालगुजारी कधीच बुडाली, कायद्याने गेली, पण लोकांच्या कमरेतून गेली नाही; भैय्याजी दिसले की कंबर अजूनही वाकते. त्यांची लाल्या-बाशिंग्याची जोडी धनीरामच्या हातात पाच-सहा वर्षं हरली नाही. ढाल मिळायची मालकाला, हार पडायचा बैलांच्या गळ्यात. मग एका पटात ऐन धावेत छकड्याचं चाक निसटलं. धनीराम कासऱ्यात पाय अडकून फरफटत गेला. कंबर मोडली ती मोडलीच. बैलांना हळद-तेल लागलं, डॉक्टर आला. धनीरामला गाडीत टाकून घरी पाठवलं. आणि भर पटात, माईकवर, भैय्याजी म्हणाले, "जोडी हारली नाही. धुरकरी पडला."

हे एक वाक्य भोजराजच्या कानात रुतून बसलं होतं. चाक का निसटलं, ते त्याला माहीत होतं. आसाची खीळ झिजली होती. आदल्या दिवशी त्यानेच भैय्याजींना दाखवली होती, आणि "पट झाला का बदलू" असं उत्तर ऐकून तो परत आला होता. त्या दिवसापासून बाप खाटेवर. बोलणं कमी, मान खाली. गावात कोणी पटाचा विषय काढला की भिंतीकडे तोंड. भोजराजला वाटायचं, म्हातारा स्वतःला दोष देऊन आतून सडतो आहे. ही जोडी एकदा, फक्त एकदा, सगळ्या गावासमोर हरली पाहिजे. मग बाप मान वर करील. मग कळेल त्याला, ते बैलच होते, देव नव्हते.

पण त्या जोडीला हरवणारी जोडी भंडारा जिल्ह्यात नव्हती. म्हणून जीप.

जीप कसली, तीन मढ्यांतून उठवलेलं चौथं मढं. सांगाडा जंगल खात्याच्या लिलावातला. गिअरबॉक्स दुसरीकडचा. आणि इंजिन? त्या काळात ट्रकवाले पेट्रोलची इंजिनं उपसून डिझेलची बसवत होते, जुनी भंगारात फेकत होते. नागपूरच्या भंगारातून भोजराजने असं एक सहा सिलिंडरचं धूड आणलं, चॅसिस कापून-जोडून बसवलं. शेळीच्या हाडांत हत्तीचं काळीज. धावायला लागली की कोणाच्या बापाला ऐकायची नाही. पण पटात धावणं हे मागचं काम आहे. खरं काम उसळी. बैल पहिल्या झेपेलाच असा सुटतो की मोटारगाडी गिअरात पडेपर्यंत तो अर्ध्यावर पोचलेला असतो. उभ्या जागेवरून जीप बैलासारखी सुटली, तरच जिंकणार.

भैय्याजींनी आव्हान हसत-हसत स्वीकारलं.

"शेवटची जोडी पयाल्यावर तुही भंगार आन, भोज्या. लोकायले तमाशा लागतेच. रात्री नाटक हाये, संध्याकाळी तू."

"हारले तर माईकवर सांगसान ना, भैय्याजी?"

"काय सांगू?"

"का जोडी हारली म्हनून."

भैय्याजींच्या भोवतीचे दोघे-तिघे खिदळले. भैय्याजी नाही हसले. "सांगीन," म्हणाले.

तेव्हापासून भोजराज रोज दिवस मावळायच्या आधी शेडमागच्या बांधीत जीप उभी करायचा आणि सुटायचा सराव करायचा. आधी क्लच गेला. प्लेट जळून तिचा वास असा सुटला की सत्यवतीने ताटावरून उठून दार लावलं. त्याने जाड स्प्रिंगांची प्लेट बसवली. क्लच टिकला, तर मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याच्या सांध्यातला क्रॉस उडाला आणि दांडा जमिनीत घुसून जीप जागेवर उभी राहिली. ट्रकचा क्रॉस घासून बसवला. तो टिकला, तर चाकं मातीत नुसती गरगर फिरायला लागली. फिरती चाकं काही मोडत नाहीत, पण जिंकूनही देत नाहीत. म्हणून त्याने मागं धानाची पोती रचली. चाकांनी माती धरली, आणि अॅक्सल तुटला.

त्यानंतर तो तुटतच राहिला. भंगारातले मिळतील ते अॅक्सल त्याने आणले, आणि एकेक करून मोडले. शेवटी तुमसरला, लेथवर लोखंड कातणाऱ्या टेकचंद खराद्याकडे गेला. टेकचंद तंबाखू मळत म्हणाला, "ट्रकच्या शाफ्टातून काढून देतो. पानी पाजून कडक करून देतो. तुह्या नातवापर्यंत चालंल."

तो नातवापर्यंत चालणारा अॅक्सल पहिल्याच झटक्याला खडूसारखा तुटला. जास्त कडक झाला होता. भोजराज दोन तुकडे घेऊन परत गेला. टेकचंदने ते उलटसुलट करून बघितले.

"भोजराजभाऊ, तू गाडी चालवून राहिला का तिच्यावर सूड घेऊन राहिला?"

"दुसरा बनव."

"बनवतो. पन ऐक. हा नाही तुटला तर पुढचं तुटंल. झटका कोनाले तरी खावाच लागते बाप्पा."

दुसरा बनला. तो नुसता पिळला, तुटला नाही. पटाला थोडेच दिवस उरले होते. भोजराजचे हात ग्रीसने काळे ते काळेच. गिऱ्हाइकांचे पंप शेडमध्ये उघडे पडलेले. करडी गावचा एक शेतकरी येऊन शिव्या देऊन आपला पंप उचलून घेऊन गेला. सत्यवती बोलायची थांबली होती, आणि ती बोलत नाही ही खरी खराब गोष्ट होती.

आणि रोज संध्याकाळी धनीराम मोहाखाली पडून बघायचा. आधी तो उन्हं कलली की आत न्यायला सांगायचा. आता सांगत नव्हता. जीप सुरू झाली की कोपरावर उठून बसायचा. भोजराजला याचा अर्थ एकच लागत होता. एकदा अॅक्सल काढता काढता त्याने विचारलंही, "बाबा, यंदा येसान ना पटात? दोराजवळ खाट मांडून देतो."

म्हाताऱ्याने मान वळवून जीपकडे बघितलं. "येतो," म्हणाला.

तीन पटांनंतर बाप पटात येणार होता! त्या दिवशी भोजराजने पाना खाली ठेवला, शेडमागं गेला आणि तोंडावर पाणी मारत उभा राहिला. एवढंच त्याला पाहिजे होतं. बाकी अॅक्सल जाऊ दे खड्ड्यात.

पटाच्या दिवशी माणूस मावत नव्हता. झाडांवर पोरं, बैलबंड्यांवर बाया, भज्यांच्या कढया, धूळ. सत्यवतीने सासऱ्याला धुतलेलं धोतर नेसवलं, डोक्याला पटका बांधला. चौघांनी खाट उचलून माणसं अडवायला बांधलेल्या दोराजवळ ठेवली, सुटायच्या जागेच्या अगदी बाजूला. शेवटची जोडी पळाली आणि माईकवाला ओरडला, "आता पाहा हो, आंधळगावचं इमान उडते!" लोक हसले. एका बाजूला लाल्या-बाशिंग्या, छकड्यावर नवा धुरकरी जागेश्वर. दुसऱ्या बाजूला भोजराज, एकटा, मागं पोती.

रुमाल वर गेला. भोजराजने रेस चढवली. सहा सिलिंडर असे गरजले की भज्यांच्या दुकानातली माणसंसुद्धा वळली. बैल बिचकले नाहीत. ते शिकलेले होते. रुमाल पडला, भोजराजने पाय उचलला.

अॅक्सल टिकला. क्रॉस टिकला. क्लच टिकला. त्यांच्या मधोमध, जिथं दांड्याचं फिरणं चाकांकडे वळतं, तिथल्या क्राउनचे, म्हणजे मोठ्या दातेरी चक्राचे, दात भरडले गेले. कुणीतरी मूठभर खडे जात्यात टाकले असं वाटलं. जीप एक उडी मारून बसली. इंजिन गरजत राहिलं आणि जीप तिथंच, भर गावासमोर.

"धक्का मारा गा त्याले!" कोणीतरी ओरडलं, आणि हशाचा लोट उठला.

पण भोजराजला हशा ऐकू आला नाही. त्याला दुसरंच ऐकू येत होतं. डाव्या हाताला, दोराजवळून, फाटक्या पण खणखणीत आवाजात कोणी ओरडत होतं, "हो लाल्या! दाब बाशिंग्या, दाब! घे माह्या राजा!" त्याने वळून बघितलं. बाप खाटेवर ताठ बसला होता. पटका सुटून मानेवर आला होता. दोन्ही हात वर. तोंडभर हसू. एवढा आनंद त्या तोंडावर भोजराजने कधी पाहिला नव्हता. त्याच्या लग्नात नाही, कधीच नाही.

बैल केव्हा पार झाले ते त्याला कळलंच नाही.

नंतर भैय्याजी स्वतः खाटेजवळ आले. धनीरामच्या अंगावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. "आपला जुना धुरकरी," माईकवर म्हणाले. ज्याची कंबर मोडली, तो म्हातारा वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेला आणि खाटेवरून पडता पडता वाचला. भैय्याजींनी पाय मागं घेतले नाहीत. जीप मैदानातून काढायला नांगराची बैलजोडी जुंपावी लागली.

संध्याकाळी सत्यवतीने वाढलं. एरवी अर्ध्या भाकरीवर हात धुणारा धनीराम त्या दिवशी मागून मागून जेवला. आणि बोलत सुटला. आनंद झालेला माणूस सावध राहत नाही.

"भोजा, तू जू भिडवलंच नाही बापा. ढिली जोडी कधी सुटते का? आधी हलकंच पुढं घ्या लागते. जू खांद्याले भिडलं, दोर तानला, का मंग तुतारीची आर टोचायची. तू ढिल्यातच टोचे. रोज आवाज ये ना, आधी खट्ट, मंग तुटे."

भोजराजचा घास हातातच राहिला. म्हातारा चुकत नव्हता. जुन्या सांध्यांतली सगळी ढिलाई, क्लच हळू सोडून आधी ताणून घ्यायची, आणि मग झटका. एवढंच होतं. एवढंच, आणि त्याने ढीगभर लोखंड मोडलं होतं.

"कवापासून माहीत होतं तुमाले?"

"पयल्याच दिवशी समजलं."

"मंग सांगलं काहून नाही?"

धनीरामने भाकरी मोडून कालवणात बुडवली. सत्यवती चुलीजवळ थांबली.

"सांगलं काहून नाही, बाबा?"

"जोडी हारली असती ना," म्हातारा म्हणाला. साधं, जसं पाऊस येईल म्हणून वाळवण आत घेतलं असं सांगावं.

"त्या जोडीनं तुमची कंबर मोडली!"

"कंबर माही होती. जोडी मालकाची."

"खीळ झिजली होती! मी सांगलो होतो त्याले. तुमची चूक नव्हती, समजते का? तीन वर्सं तुमी भितीकडे तोंड करून..."

"माहीत हाये मले," धनीराम म्हणाला. "खीळ मीबी पायली होती. मालक म्हनले हाक, हाकली." आणि पाण्याचा घोट घेऊन, "भितीकडे तोंड करे ते पट पाहाले भेटत नाही म्हनून. तुले काय वाटलं?"

भोजराज ताटावरून उठला. त्याला बापाला मारावंसं वाटलं, हे खरं आहे, आणि खरं आहे ते लिहिलं पाहिजे. त्याने मारलं नाही. नारळ उचलला आणि अंगणात फेकला. तो फुटलासुद्धा नाही.

नवं क्राउन मिळेपर्यंत होळी आली. बांध्यांत अजून पटाची दाबलेली वाट होती. शेण वाळलेलं, बिड्यांची थोटकं, एक तुटकी चप्पल. दुपारची वेळ. भोजराजने जीप त्याच जागी आणली. कोणी नव्हतं. त्याने क्लच बोटभर सोडला. जीप अंग आवळल्यासारखी ताणली गेली, सगळे सांधे एकमेकांना भिडले, कुठंही खट्ट नाही. मग त्याने सोडली. ती अशी सुटली की त्याची मान मागं आदळली. पोती सरकली, माती उडाली, आणि काही, काहीही तुटलं नाही. पटाचं दुसरं टोक आलं आणि मागं गेलं. लाल्या-बाशिंग्या मागंच राहिले असते. ते त्याच्या हाडांनी त्याला सांगितलं.

धूळ बसेपर्यंत तो तिथंच बसून राहिला. पुन्हा एकदा करून बघावं, असं वाटलं नाही.

शेडजवळ आला तेव्हा सत्यवती बादली घेऊन उभी होती.

"चालली का?"

"चालली."

"मंग?"

भोजराज उतरला. आतून धनीराम ओरडला, त्याला बाहेर घ्यायला सांगत होता, आता शेडची सावली मोहापर्यंत आली असेल म्हणून. भोजराज आत गेला, बापाच्या काखेत हात घातले आणि त्याला उचललं. म्हातारा आता अगदी हलका झाला होता.

"गाडी सुटली वाटते," धनीराम त्याच्या खांद्यावरून म्हणाला. "ऐकलो मी. अशीच सोडा लागते." आणि मग काळजीने, "पुढच्या पटात नाही ना आनत?"

"नाही," भोजराज म्हणाला, आणि त्याला खाटेवर ठेवलं.