वांदूचे कान

माझा नवरा लोहार, आणि आमच्या डोंगरावर मडकी लोहाराच्या बायकोनेच घडवायची, त्यामुळे मेलेल्यांची मडकी घडवायचं काम माझं. मडकं त्या मेलेल्या माणसासारखं दिसलं, की त्याचा जीव ते ओळखून घरी येतो आणि ज्वारीच्या दारूतला आपला वाटा पितो. नाही ओळखलं, तर वाऱ्यावर भटकत राहतो.

वांदू गेला. जन्माचा बहिरा. कान म्हणजे दोन चिंचोके. तरी त्याची बायको क्वारुंबाकाकू म्हणाली, "कुवे, कान चांगले सुपाएवढे कर. ओरडून ओरडून घसा गेला माझा. आता तरी हळू बोलीन म्हणते."

"काकू, ओळखायचा नाही तो."

"पोटावरनं ओळखेल. पोट मोठं कर."

तिचा बसलेला आवाज मला ऐकवेना. केले कान.

सकाळी त्यांच्या थोरल्या मुलाने, झ्राने, मडक्यात दारू ओतली. मडक्याने लांबलचक ढेकर दिला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वांदूला तर प्यायल्यावर उचकी लागायची! असला ढेकर एकाचाच: शेजारचा देली, जो हयातभर दुसऱ्यांच्या कुंपणांना आपले थोरले कान लावून बसायचा. तीन वर्षांपूर्वी गेला.

ढेकर ऐकून त्याची बायको मासी धावत आली. "मेल्यावरही दुसऱ्याच्या घरी पितोस? चल घरी!"

"ने बाई तुझा तू," क्वारुंबाकाकू म्हणाली. "पण मग माझा कुठाय गं? वारा किती सुटलाय बाहेर."

देलीच्या मडक्याला मासीने लाजेखातर माझ्याकडून चिमुकले कान करून घेतले होते.

"अगं," ती हळूच म्हणाली, "परवापासून माझं मडकं उचक्या देतंय. मला वाटलं, दारूच आंबट झाली."

मग काय, झ्राने मडक्यांची अदलाबदल केली. क्वारुंबाकाकूने आपलं मांडीवर घेतलं, चिंचोक्याएवढ्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू म्हणाली, "आलास?"

काही नाही.

"आलास का?"

काही नाही.

"अरे बहिऱ्या, आलास का म्हणते मी!"

समोरच्या टेकडीवरच्या शेळ्यांनी माना वर केल्या. मडक्याने उचकी दिली.

"पी मग," ती ओरडली आणि डोळे पुसत दारू ओतायला लागली.

मासीने देलीला नेऊन कुंपणापाशीच ठेवलंय. तिथनं त्याला सगळं ऐकू येतं.