भट्टीकडची भिंत

कंपनीनं परवा आपला इतिहास छापला. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. पहिला बल्ब, पहिला रेडिओ, पहिला टीव्ही, आणि शेवटच्या पानांवर आम्ही बायका, डोक्याला टोप्या घालून सर्किटं तपासताना. माझा अर्धा कान आलाय फोटोत. काचेच्या भट्टीला मात्र सगळी मिळून दीड ओळ. जिच्या जिवावर कंपनी मोठी झाली तिला दीड ओळ! तेव्हा उरलेलं मीच सांगते.

बल्बची काच वितळायची ती भट्टी आमच्या क्वार्टरच्या अगदी पाठीमागे. तिचं धुराडं आमच्या स्वयंपाकघराला इतकं खेटून गेलेलं, की तिकडची भिंत बारा महिने गरम असायची. आई त्या भिंतीशी दोरी बांधून ओले कपडे वाळवायची आणि भट्टीच्याच नावानं बोटं मोडायची. भट्टीला ती सवत म्हणायची. बाबांच्या हातात डबा देताना म्हणायची, "जा, तुमची लाडकी वाट बघतेय."

बाबा भट्टीवरचे मुख्य. भट्टी कधी विझू द्यायची नसते; आतली काच थंड होऊन घट्ट धरली, की भट्टीचा निकाल लागला. त्यामुळे बाबा घरात असले तरी त्यांचा एक कान भिंतीकडे. जेवताना पलीकडचा आवाज जरा बदलला, की हातातला घास टाकून पळत सुटायचे. "मी तापानं फणफणले तेव्हा नाही कधी एवढे पळालात," आई म्हणायची. बाबा हसायचे. हसण्यावारी नेणं त्यांना छान जमायचं.

एका गोष्टीवर मात्र आमच्या घरात कुणी हसत नसे. ती म्हणजे माझा दादा. तो वर्षाचाही झाला नाही आणि मी त्याच्या नंतरची, तरी तो दादाच. त्याला न्यूमोनिया झाला होता. भर दुपारी त्याला धाप लागली, तशी आईनं शेजारच्या पॅकिंगवाल्या मावशींना भट्टीवर पिटाळलं. नेमका त्याच दिवशी भट्टीला तेल पुरवणारा पंप बंद पडला होता. मावशी निरोप घेऊन परत आल्या: भट्टी सोडून येता येत नाही, तू हो पुढे. आई त्याला छातीशी धरून एकटीच दवाखान्याकडे धावली. दवाखान्याच्या दारातच त्यानं मान टाकली.

भट्टी वाचली. कंपनीनं खूश होऊन बाबांना आपला नवाकोरा रेडिओ बक्षीस दिला. आई तो रोज पुसायची, पण तिनं त्याचं बटण कधी फिरवलं नाही. लहानपणी मी एकदा फिरवलं, तर पाठीत असा धपाटा बसला, की पुढे कित्येक वर्षं रेडिओ ही मार खायची वस्तू आहे असंच मला वाटायचं.

मधूनच कधीतरी, कपड्यांच्या घड्या घालता घालता, आई विचारायची, "त्या दिवशी तुम्ही आला असतात, तर ती विझली असती?"

"विझली असती," बाबा म्हणायचे.

आई मान हलवायची आणि पुढची घडी घालायला घ्यायची. या एका उत्तरावर तिनं संसार रेटला. मूल गेलं, पण त्याच्या बापाचा नाइलाज होता, एवढं तिला पुन्हा पुन्हा ऐकायला हवं असायचं.

इकडे कंपनी बदलत गेली. रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह होते तोवर भट्टीला मान होता. मग ट्रान्झिस्टर आले आणि रेडिओतली काच गेली. टीव्हीच्या जाड काचेनं काही वर्षं तारलं, पण पुढे टीव्हीही चपटे झाले. मी सर्किटांच्या विभागात लागले, तेव्हा बाबांनी माझ्या तळहातावरची चिप डोळे बारीक करून बघितली. "हीसुद्धा वाळूचीच ना?" ते म्हणाले. "आम्हाला गाड्या भरभरून लागायची. तुमचं बरंय, चिमूटभर वाळूत भागतं." शेवटी तर बल्बही बाहेरून तयार होऊन यायला लागले, प्लॅस्टिकचे, खोक्यांतून. आम्ही त्यांच्यावर नुसतं कंपनीचं नाव उमटवायचो. साहेबांनी भट्टी बंद करायचा हुकूम काढला, आणि विझवायचं काम दिलं बाबांनाच. त्यांचीही निवृत्ती तोंडावर आली होती.

त्या दिवशी बाबा भर दुपारी घरी आले आणि खुर्चीत बसून राहिले. आई खुशीत होती. "गेली एकदाची," म्हणत तिनं कपड्यांची बादली उचलली, दोरीवर कपडे टाकले आणि सवयीनं भिंतीला हात लावला. भिंत गरम होती. दुसऱ्या दिवशीही गरम. त्याच्या पुढच्या दिवशीही. आई येता-जाता भिंतीला तळहात टेकवायची आणि दर वेळी जरा जास्त वेळ टेकवून ठेवायची. मला वाटलं, आता कपडे कुठे वाळवायचे याची तिला काळजी पडली असेल.

मग एकदा आम्ही जेवत होतो. आई वाढायची थांबली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली.

"तिच्याजवळ कुणी असतं का हो आता?"

"कोण असणार? शेडला कुलूप आहे," बाबा म्हणाले.

"जाळ नाही, माणूस नाही, आणि भिंत अजून गरम आहे. मग त्या दिवशी तासाभरात ती कशी विझली असती?"

भिंत तापलेली राहिली तरी आतली काच लवकर धरते, हे मलाही ठाऊक होतं. बाबा सहज तसं सांगू शकले असते. शेवटी मीच ते सांगायला तोंड उघडलं.

"थांब गं तू," बाबा मला म्हणाले. मग आईकडे न बघता म्हणाले, "पंप सुरू झाला होता. मावशी आल्या तेव्हा चालू होता. फिटर म्हणालाही, मी बघतो, तुम्ही घरी जा."

आईनं भिंतीवरचा हात काढला.

"सकाळी निघताना मी त्याला बघितलं होतं. बरगड्या आत जात होत्या त्याच्या. भट्टीला काय झालंय ते मला कळायचं, काय करायचं तेही कळायचं. त्याच्यापाशी नुसतं बघत बसायचं..." त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी घाबरलो गं."

मला त्यांचा असा संताप आला, की समोरचं ताट भिरकावून द्यावं. दादाकडे न आल्याचा तर आलाच, पण त्याहून जास्त आता खरं बोलल्याचा आला. इतकी वर्षं खोटं निभावलं होतं ना, मग आणखी चार वर्षं निभावलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि त्याच वेळी ताटाशी टेकलेले त्यांचे ते भाजल्याच्या डागांनी भरलेले हात दिसले, आणि मी ताट जागेवरच राहू दिलं.

"म्हणजे एवढी वर्षं मी तिलाच शिव्या घातल्या," आई म्हणाली. एवढंच. मग तिनं भांडी उचलली.

त्यानंतर ती बाबांना वेळेवर जेवायला वाढायची, औषधाची गोळी हातावर ठेवायची, पण एका शब्दानं बोलायची नाही. पूर्वी दिवसभर तिचं तोंड चालू असायचं. त्या सवतीच्या कटकटीत किती माया होती, ते घर मुकं झाल्यावर मला कळलं.

एका सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात हाक मारली.

"हात लावून बघ गं. मला मेलीला काही कळेना."

मी भिंतीला हात लावला. "गार झाली, आई."

तिनं आपला हात काढला नाही. भिंतीवरून तो सावकाश वरून खाली फिरवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"गेली बिचारी," ती म्हणाली. "फार बोलले गं मी तिला."

बाबा दारात उभे होते. त्यांना ती काहीच बोलली नाही.