डबे ठोकायचं यंत्र

आमच्या खालच्या मजल्यावर पत्र्याचे डबे ठोकायचं यंत्र आहे. तीन ठोके, मग जरा दम. हेडफोन लावला तरी ते टेबलाच्या पायांतून माझ्या कीबोर्डात शिरतं आणि हिप-हॉपच्या प्रत्येक बीटची वाट लावतं. दुसरं घर मिळत नाही, म्हणून मी रोज बायकोचं डोकं खातो.

आज यंत्र बिघडलं. कारखान्याला कुलूप. म्हटलं, सुटलो एकदाचा. ड्रम, बेस, सगळं एका बैठकीत जमलं. असा हात कधी चालला नव्हता. बायकोला बोलावून हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग वैतागून म्हणाली, "झालं वाटतं त्यांचं यंत्र दुरुस्त. लाव आता तुझं गाणं."