आरतीने ऐकलेली शिट्टी

मित्रांनो, आपलाच आवाज ऐकून आपल्याला लाज वाटावी, असे तुमचे कधी झाले आहे का? माझे झाले आहे. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझे पोट टपोरे आहे आणि त्यात बुचाचा एक मणी आहे. कोणी फुंकर मारली की तो मणी गरगर फिरतो आणि मी किंचाळते. मला हळू बोलता येत नाही, कुजबुजता येत नाही, कुणाची समजूत काढता येत नाही. घडवणाऱ्याने मला एकच सूर दिला. त्या सुराचे काय करायचे ते फुंकणाऱ्याने ठरवायचे. पण तोंड माझे असते ना, म्हणून लाजही मलाच वाटते.

साच्यातून निघाल्यावर मी बऱ्याच बहिणींबरोबर एका खोक्यात पडून होते. कोणी खेळाच्या मैदानावर गेली, कोणी राखणदाराच्या गळ्यात पडली. मी आले लातूरच्या निजामोद्दीनभाईंकडे. ते गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत शिलाईकाम करत आणि सणावाराला होमगार्डचा गणवेश घालून बंदोबस्ताला जात. त्यांची बायको बानो मला चिंचेने घासून लख्ख करायची. मिरवणुकीत मी वाजले की गर्दी बाजूला व्हायची. तेव्हा मी फार तोऱ्यात असे.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाचा बंदोबस्त आटोपून निजामभाई घरी आले आणि नुकतेच आडवे झाले होते. पहाटे जमीन हादरली. मी खुंटीवर होते, खुंटीसकट खाली आले. सकाळी त्यांना ट्रकमध्ये बसवून औशाच्या बाजूच्या एका गावाला नेले. गाव म्हणून काही उरलेच नव्हते. दगडमातीची माळवदे खाली बसली होती आणि जो तो मिळेल त्याने उकरत होता. रडणे, हाका, कुदळींचा आवाज, सगळा नुसता कालवा. तिथे एका साहेबाने निजामभाईंना नवे काम सांगितले. लांब शिट्टी झाली की सर्वांनी गप्प व्हायचे. बोलायचे नाही, कुदळ उचलायची नाही, रडायचेसुद्धा नाही. त्या शांततेत ढिगाऱ्याखालून काही ऐकू येते का, ते पाहायचे.

मी वाजले. सारे गाव गप्प झाले. आणि खालून ठण् ठण् असा बारीक आवाज आला.

दुपारपर्यंत उकरल्यावर साखराबाई नावाची एक म्हातारी जिवंत निघाली. तिच्या हातात चेपलेला तांब्या होता. पाणी पिऊन झाल्यावर ती निजामभाईंना म्हणाली, "शिट्टी ऐकली अन् म्हणलं, माणसं आली बगा. मंग बडवला तांब्या."

हे वाक्य मी कधीच विसरले नाही. निजामभाईही विसरले नाहीत. घरी येऊन त्यांनी ते बानोला सांगितले, आणि सांगताना त्यांना रडू आवरले नाही.

काही वर्षांनी निजामभाई आजारपणात गेले. शिलाईयंत्र घरात मुके उभे राहिले. तोवर लातूरचे रूप पालटले होते. गल्लोगल्ली शिकवणीच्या पाट्या लागल्या. बिलोली, लोहा, अर्धापूर, कुठून कुठून मुले ट्रंका घेऊन उतरू लागली. घरांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या आणि त्यांना वसतिगृह म्हणू लागले. अशाच एका मुलींच्या वसतिगृहात बानोला रेक्टरचे काम मिळाले. मुली तिला बानोआपा म्हणत. आपांचा आवाज मुळात बारीक. एवढ्या मुलींना आवरायचे कसे? त्यांनी मला खुंटीवरून काढले आणि गळ्यात घातले.

लोह्याच्या शेषेरावांनी आपल्या मुलीला, आरतीला, तिथे आणून सोडले तेव्हा ते हात जोडून म्हणाले, "आपा, पोरगी तुमच्या वटीत टाकली. तुमीच बगा आता." असे कितीतरी बाप येऊन म्हणत. प्रत्येकाच्या बोलण्याने आपांच्या जिवाला घोर लागे. त्या वाईट नव्हत्या हो. धास्तावलेल्या होत्या. पहाटे अंधारात मी किंचाळायचे. मुलींनी खोलीवार रांगेत उभे राहायचे आणि प्रत्येक खोलीच्या मोठ्या मुलीने "खोली पूर्ण" असे ओरडून सांगायचे. जी उशिरा येईल तिने सगळ्यांसमोर भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. बाकीच्या चहा पीत तिच्याकडे बघत. आरतीला झोप फार. ती वरचेवर भिंतीशी असायची. मान खाली, वेणी अर्धी सुटलेली. मी आपांच्या गळ्यात लोंबकळत तिच्या समोरच असे. मला नजर वळवता आली असती तर किती बरे झाले असते!

मग एका हिवाळ्यात शिकवणीच्या वर्गाने मुलींची सहल कोकणात नेली. एका मच्छीमार गावातून सकाळी पायी निघायचे. कड्यावरच्या पाऊलवाटेने समुद्राच्या कडेकडेने जायचे, टोकावरच्या पडक्या बुरुजाला वळसा घालायचा आणि खालच्या खडकांतून परत त्याच गावात, त्याच वडाखाली यायचे. दिवसभराचा एक फेरा. वडाखालच्या चहावाल्याने आपांना बजावले होते, की दुपार कलल्यावर भरती लागते, त्याच्या आत खालचे खडक ओलांडा.

मुलींनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आरतीची मैत्रीण जिक्रा, तिच्याच खोलीतली मोठी मुलगी, नांदेडची, गोदावरीकाठची. ती डोळ्यांवर हात धरून बघत राहिली आणि म्हणाली, "याला पलीकडचा काठच न्हाई गं!" आरती तर खुळावल्यासारखी झाली. वाट लाल जांभ्याची, खडबडीत. एका बाजूला काटेरी करवंदी आणि दुसऱ्या बाजूला खाली फेसाळणारे पाणी. आपांचा जीव टांगणीला लागला होता. त्या सारख्या मला फुंकत. पुढे जाऊ नका, फुर्र! कडेला जाऊ नका, फुर्र! समुद्राच्या गाजेपुढेही माझाच कर्कश आवाज वर निघत होता.

एका लहानशा पुळणीवर सगळ्या थांबल्या. निघायची शिट्टी झाली तरी आरती वाळूत शिंपले वेचत होती. आपांनी तिला बोलावून सर्वांसमोर उभे केले. जवळ जाळी सुकवणारे लोक होते, तेही बघू लागले.

"काय करून राहिली गं? कान हाय का न्हाई तुला?" असे म्हणून आपांनी मला तिच्या अगदी कानाशी फुंकले.

मुली खो खो हसल्या. जाळीवाली माणसेही हसली. आरतीची ओंजळ उघडली आणि शिंपले खाली पडले. तिने ते उचललेसुद्धा नाहीत. मित्रांनो, त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बुरुजाशी पुऱ्या आणि चटणी खाऊन झाली. उतरण सुरू झाली. खाली काळे खडक होते, शेवाळाने निसरडे, मधेमधे खोल भेगा. ते ओलांडून साऱ्या माडांच्या सावलीत पोचल्या. आपांनी मला वाजवले आणि हजेरी घेतली. "खोली पूर्ण," पहिल्या खोलीची म्हणाली. "खोली पूर्ण," दुसरीची म्हणाली. जिक्राने मागे वळून पाहिले. आरती दिसत नव्हती. येईल मागून, असे तिला वाटले. आत्ता बोलले तर बिचारी पुन्हा सगळ्यांसमोर उभी राहील, असेही वाटले. तीही ओरडली, "खोली पूर्ण!"

वसतिगृहात पोरी एकमेकींना अशाच सांभाळून घेत. मी वाजल्यावर खरे बोलायची कोणाची छाती होती?

बरेच अंतर चालून गेल्यावरही आरती आली नाही, तेव्हा जिक्राचा धीर सुटला. तिने रडत रडत आपांना सगळे सांगितले. आपांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या तशाच मागे धावल्या, मुली त्यांच्या मागे. खडकांशी आल्या तर मघाचे ते खडक ओळखू येईनात. पाणी चढत होते. येताना जिथून चालत आल्या, तिथे लाटा फुटत होत्या.

"शोधा गं, पसरून शोधा!" आपा ओरडल्या. मुली पांगल्या. आपांनी मला तोंडाला लावून जीव खाऊन फुंकले.

आणि काय झाले असेल? पांगलेल्या मुली धावत परत आल्या आणि खोलीवार रांगेत उभ्या राहिल्या.

"अगं, जा ना! शोधा!" मुली पुन्हा पांगल्या. आपांनी पुन्हा फुंकले, आरतीला ऐकू जावे म्हणून. मुली पुन्हा धावत आल्या. रडत होत्या, धापा टाकत होत्या, तरी पाय जुळवून आपापल्या जागी उभ्या. तिसऱ्यांदाही तेच झाले. मी वाजले की रांग, एवढेच त्यांच्या अंगात मुरले होते.

आपा त्या रांगेकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मला तोंडातून काढले.

"कुणी बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "रडू पण नका. ऐका फक्त."

निजामभाईंनी सांगितलेली ती सकाळ त्यांना आठवली असणार. सगळ्या गप्प झाल्या. समुद्र काही गप्प होईना. आपा पाण्याच्या कडेपर्यंत गेल्या आणि आपल्या त्या बारीक, फाटक्या आवाजात त्यांनी हाक मारली, "आरती! माझी लेक! मी रागावणार न्हाई गं. कुठं हाईस?"

लाटेचा आवाज आला आणि गेला. मग दोन मोठ्या खडकांच्या आडून, अगदी जवळून, एक बारीक आवाज आला.

"आपा, समोर उभं करणार न्हाई ना?"

आपा कपड्यांनिशी पाण्यात शिरल्या. खडकामागे आरती उभी होती. पाणी तिच्या कमरेच्या वर आले होते. तिच्या एका सँडलचा पट्टा तुटला होता. तो सँडल हातात धरून एका अनवाणी पायाने चालताना ती घसरली, आणि दुसरा पाय सँडलसकट भेगेत गच्च रुतून बसला. आपांनी श्वास कोंडून पाण्याखाली डोके घातले. मीही गळ्यातच होते, माझ्या पोटात खारे पाणी शिरले. शिलाईकाम करणाऱ्याच्या घरातली बोटे ती. आंधळेपणाने चाचपडत त्यांनी सँडलचे बक्कल सोडवले. पाय निघाला, खरचटलेला, पण धड. जिक्राने आणि इतर मुलींनी ओढण्या एकमेकींना गाठून खाली टाकल्या होत्या. त्यांना धरून दोघी वर आल्या.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. जिक्रा आरतीच्या गळ्यात पडून रडली. आपांनी आरतीचे केस पुसता पुसता विचारले, "बेटा, मी किती शिट्ट्या मारल्या. एक पण ऐकू आली न्हाई का?"

आरती कुडकुडत होती. ती खाली बघत म्हणाली, "समद्या ऐकू आल्या आपा. म्हणून तर दम धरून गप बसले. म्हणलं, पाय निघाला की रांगेच्या मागं जाऊन गुपचूप उभं राहावं."

आपांनी मला मुठीत गच्च धरले आणि त्या ढसाढसा रडल्या. मित्रांनो, मी पितळेची आहे, मला रडता येत नाही. पण साखराबाई मला आठवली. दगडमातीखाली गाडलेल्या त्या म्हातारीने मला ऐकले आणि तांब्या बडवला. कमरेपर्यंत पाण्यात अडकलेल्या या पोरीने मला ऐकले आणि श्वास रोखला. दोन्ही वेळा आवाज माझाच होता.

उरलेली वाट सगळ्या आरतीच्या चालीने चालल्या. आपा शेवटी होत्या, आरतीचा हात आपल्या खांद्यावर घेऊन. वडाखाली पोचून फेरा पुरा झाला तेव्हा दिवे लागले होते. आपांनी मला वाजवले नाही. एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत त्यांनी मुली मोजल्या. मग सगळ्यांदेखत, चहावाल्यादेखत म्हणाल्या, "आज भिंतीशी मी उभी राहायला पाहिजे. चूक माझी हाय, पोरींनो." आणि गळ्यातून काढून त्यांनी मला आरतीच्या हातात दिले. "ही तुझ्याजवळ ठेव. कुठं अडकलीस तर तू फुंक. मी येते."

वसतिगृहात नंतर पहाटे दारावर हाताने थाप पडू लागली. काही मुली उशिरा उठत. पण त्याने फारसे काही बिघडले नाही.

आता मी लोह्याला आरतीच्या घरी असते. खाऱ्या पाण्याने माझा मणी फुगला, त्यामुळे सूर थोडा घोगरा झाला आहे. तो मला पूर्वीपेक्षा बरा वाटतो. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. कोणी वर्ग सांभाळेल, कोणी घर, कोणी दहा माणसांचे काम. तुमच्याही गळ्यात माझ्यासारखे काहीतरी येईल. ते जरूर वाजवा, पण कधीमधी ऐकणाऱ्याचा चेहरा बघत जा. तो तुमच्याकडे धावत येतो की कुठे दडून बसतो, एवढे तरी बघा. आम्हा शिट्ट्यांना ते बघूनही थांबता येत नाही.

आरतीची लेक फार खोडकर आहे. ती कधी कधी खुर्चीवर चढून मला खुंटीवरून काढते आणि उगाच फुंकते. आरती हातातले काम टाकून, पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत येते. "काय झालं गं? आले, आले मी!" काहीच झालेले नसते. पोर हसते. आरती तिला एकदाही रागावलेली नाही. आणि पुढच्या वेळी मी वाजले की ती पुन्हा तशीच धावत येते.