चूलबंद आवतन

पासष्ट-सहासष्टच्या सालात देशात धान्य पिकत नव्हतं, पण हुकूम भरघोस पिकत होते. मी तेव्हा अमरावतीला एका सरकारी ऑफिसात कारकून होतो. वरून हुकूम यायचा, आम्ही त्याच्या नकला काढायच्या, गावोगावच्या चावडीवर डकवायला पाठवायच्या, आणि खळीच्या वासानं बकऱ्यांनी तो खाल्ला की पुन्हा नकला काढायच्या. त्या टंचाईत पोटभर खाऊन राहिल्या असतील तर फक्त चावडीवरच्या बकऱ्या.

त्यातलाच एक हुकूम पंगतीचा. त्याची मूळ अक्कल अकोल्याच्या केशवराव प्रोफेसरांची. अर्थशास्त्र शिकवायचे. माणूस सज्जन, पण स्वतःच्या घरात पीठ कोणत्या डब्यात असतं हे त्यांना ठाऊक नसावं. त्यांनी कागदावर मांडलं की पंगतीत माणसामागं इतकं धान्य जातं, गावात वर्षाला इतक्या पंगती उठतात, जिल्ह्यात इतकी गावं आहेत. तेव्हा पंगती आवळल्या तर हजारो क्विंटल धान्य वाचतं. वर कोणाला तरी हे पटलं. धान्याचं जेवण पन्नासाहून जास्त पाहुण्यांना वाढायचं नाही, पाहुण्यांची नाववार यादी आधी मंजूर करून घ्यायची, आणि पंगतीला सरकारी माणसानं हजर राहून मोजणी करायची, असा हुकूम निघाला.

प्रोफेसर आम्हाला हुकमामागचं शास्त्र समजावायला ऑफिसात आले होते. तासभर बोलले. पाण्याचे ग्लास उचलता उचलता आमचा शिपाई नत्थुजी माझ्या कानाशी लागला.

"पंगतीत जेवला तो मानूस घरी जाऊन अजून येक डाव जेवते काय?"

आता आमच्या वऱ्हाडात चूलबंद आवतन असतं. म्हणजे एकट्या कर्त्या माणसाला बोलावणं नाही, सगळ्या घराला. त्या दिवशी त्या घरची चूल पेटतच नाही. इथं खाल्लं ते तिथं वाचलं. एवढं साधं गणित नत्थुजीला सुचलं, ते मी धीर करून प्रोफेसरांना विचारलं. ते म्हणाले, हा दुय्यम परिणाम आहे, पुढच्या अहवालात बघू. साहेबांनी माझ्याकडं डोळे वटारले. मी मग चहा सांगायला बाहेर गेलो.

आणि महिन्याभरात देवमन आला.

देवमन वलगावच्या पलीकडच्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही, तिकडं माझी सासुरवाडी जवळ आहे. मूर्तिजापूरला रेल्वेच्या गँगमध्ये त्यानं तीस वर्षं रूळ ठोकले, निवृत्त झाला आणि गावात येऊन दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं, वर कवेलूंचं छप्पर. छप्पन साली तो बौद्ध झालेला. लहानपणी गावात पंगत असली की तो माय-बापासोबत कुंपणाबाहेर बसायचा. शेवटची पंगत उठली की उरलंसुरलं त्यांच्या भगुण्यात वरून टाकायचे. हे त्यानं मला सांगितलं ते गाडीची वेळ सांगावी तसं, आवाज न हलवता. आता त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. ज्या गावानं आपल्याला कुंपणाबाहेर बसवलं, ते गाव एकदा आपल्या आंगणात मांडीला मांडी लावून जेवलं पाहिजे.

अन् त्याला ही आशा लावली कोणी? सरपंच उत्तमराव पाटलांनी. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून त्यांनी भाषण ठोकलं की आता भेदभाव उरला नाही, देवमननं खुशाल चूलबंद आवतन द्यावं, सारं गाव जेवायला येईल. टाळ्या पडल्या. भाषणातली गोष्ट भाषणात सोडून द्यायची असते, हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही. देवमननं ती खरी धरली. तीस वर्षं सिग्नल पाहून काम केलेला माणूस. हिरवा म्हणजे हिरवा.

तो घरोघर आवतन द्यायला निघाला, तर उत्तमरावांनी त्याला चावडीपाशी थांबवलं आणि हुकमाकडं बोट दाखवलं. खळ अजून ओली होती. ते म्हणाले, आम्ही आलो असतो रे देवमन, एका पायावर आलो असतो, पण आता कायद्यापुढं आपलं काय चालते? मी तुम्हाला सांगतो, त्या गावात त्या हुकमाचं जेवढं स्वागत झालं तेवढं स्वातंत्र्याचंही झालं नसेल.

देवमननं तो हुकूम मास्तरांकडून तीनदा वाचून घेतला आणि माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला.

"साहेब, पन्नासाले तर बंदी नाई ना?"

नाही, म्हटलं. मग त्यानं यादी सांगितली, मी लिहून घेतली. पहिलं नाव उत्तमराव पाटील. दुसरं वामनराव, गावातले बडे अडते. मग जानराव, पंजाबराव आणि वरच्या आळीतलं एकेक वजनदार घर. पन्नासावी मनकर्णाबाई, माळ्याची म्हातारी, बाजारात वांगी विकायची. मी पेन थांबवलं. त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांतलं एकही नाव नव्हतं.

"तुमची माणसं?"

"ते घरचेच हायेत साहेब. पाहुने कुठचे?"

यादी मंजूर झाली, शिक्का बसला, एक नक्कल चावडीवर गेली. आणि तिथून खरी गंमत सुरू झाली. बाकीचं गाव कायद्याच्या आडोशाला मजेत उभं होतं, पण या पन्नासांना आडोसाच राहिला नाही. सरकारनं त्यांना नावानिशी जेवायला बसायची परवानगी दिली होती. ती कोणी मागितली होती, कायद्याला त्याचं काय!

तिसऱ्या दिवशी उत्तमराव स्वतः ऑफिसात हजर. खादीची कडक टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. साहेबांना म्हणाले की एवढी टंचाई असताना पन्नास म्हणजे जरा जास्तच होतात, पंचवीस केले तर देशाचं भलं होईल. देशाचं एवढं प्रेम मी त्यांच्यात आधी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी संत्री ठेवून घेतली आणि हुकूम हुकूमच असतो म्हणून सांगितलं.

मग माणसं आजारी पडायला लागली. वामनरावांचं पोट बिघडलं, तेही चार दिवस आधी ठरवून. जानरावांना दर्यापूरला मयतीला जाणं आलं, पण मेलं कोण ते सांगता येईना. पंजाबरावांचा बैल हरवला आणि तो शोधायला घरातले सातही पुरुष निघाले. उत्तमरावांनी निरोप धाडला की त्या दिवशी त्यांचा कडक उपास आहे. देवमननं उलटा निरोप दिला: काही हरकत नाही, त्यांच्यासाठी वेगळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करतो. भगर धान्यात धरायची की नाही यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस वाद झाला आणि शेवटी वर अभिप्राय मागवला. तो अजून यायचा आहे.

पंगतीच्या दिवशी मोजणीला मलाच पाठवलं. मी सायकल मारत पोचलो तेव्हा आंगण सारवून लखलखीत होतं. पन्नास पत्रावळी दोन ओळींत मांडलेल्या, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर पाण्याचा गडवा. वरण, भात, पोळ्या, वांग्याची भाजी, बुंदी. देवमनची बायको दुर्गाबाई नवं लुगडं नेसून चुलाण्यापाशी उभी होती. त्यांच्या वस्तीतली शंभर-दीडशे माणसं भिंतीकडंनं उभी, लेकरंसुद्धा गप्प. देवमन रेल्वेचा जुना कोट घालून फाटकात थांबला होता.

बारा वाजले. एक वाजला. वरच्या आळीतून धूर निघायला लागला. एक, दोन, मग सगळ्याच घरांतून. चुली पेटल्या होत्या. तो धूर देवमननं पाहिला, मीही पाहिला. मला त्या गावाचा असा संताप आला की हातातला कागद फाडून फेकावासा वाटला. सरकारी होता, म्हणून नीट घडी करून धरला.

दोनच्या सुमाराला मनकर्णाबाई आली. डोक्यावर रिकामी टोपली, बाजार उरकून थेट इकडं. ती कोणाला काही विचारत बसली नाही. टोपली भिंतीला टेकवली, पाय धुतले, पहिल्या पत्रावळीवर जाऊन बसली आणि रिकाम्या ओळी पाहून देवमनला म्हणाली:

"वाट कोनाची पाहून राह्यला? मी चूल पेटवली नाई घरी. वाढ मले."

देवमन वाढायला वाकला. वरण थोडं पत्रावळीबाहेर सांडलं. म्हातारी म्हणाली, सांडू दे, तुझ्याच घरचं हाय. आणि जेवायला लागली. भाजीत मीठ कमी पडलं हेही तिनं सांगून टाकलं.

मग देवमननं वस्तीकडं वळून हात केला. माणसं येऊन बसली, म्हातारीच्या डाव्या-उजव्या बाजूला, समोर, आंगण भरून बाहेर रस्त्यापर्यंत. पत्रावळी कमी पडल्या तर लेकरं माय-बापाच्या पानावर बसली. मी मोजायला लागलो आणि साठाच्या पुढं थांबलो. खटला भरायचा तर केस पक्की होती. देवमन माझ्यापाशी आला.

"काय लिहिता, साहेब?"

"तुम्हीच सांगा. हजर पाहुणे किती?"

"पाहुनी येकच आली. हे सारे घरचे."

हुकमात शब्द पाहुणा असाच होता. मी लिहिलं: मंजूर पन्नास, हजर एक, उल्लंघन नाही. खाली सही केली. नोकरीत मी जी दोन-चार चांगली कामं केली असतील त्यांत ते एक, असं मला तेव्हा वाटलं. देवमननं मनकर्णाबाईच्या शेजारी राखून ठेवलेली एक पत्रावळ पुसली आणि म्हणाला, बसा साहेब, तुमी पाहुने नंबर दोन.

मी म्हटलं, मी ड्युटीवर आहे, नियमात बसत नाही.

त्यानं मान हलवली. आग्रह केला नाही. ती पत्रावळ पुढ्यात ओढली आणि स्वतः तिथं बसला.

पुढं माझ्या त्या एका ओळीचं काय झालं ते ऐका. ती ओळ साहेबांकडून वर गेली आणि वरून प्रोफेसर केशवरावांच्या टेबलावर पोचली. त्यांच्या पुढच्या अहवालात ते गाव आदर्श म्हणून छापून आलं. पन्नास जणांना जेवायची मुभा असताना फक्त एकजण जेवला, म्हणजे कायदा लोकांच्या अंतःकरणात उतरला, अठ्ठ्याण्णव टक्के बचत! ग्रामीण भागात अशी स्वयंस्फूर्त शिस्त दिसते तर मर्यादा पंचवीसवर आणायला हरकत नाही, अशी शिफारस त्यांनी केली. ती आणलीही. उत्तमराव पाटलांना धान्यबचतीबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते त्यांनी काचेत घालून बैठकीत टांगलं, सासुरवाडीला जाताना मी दोनदा पाहिलंय. चुलींतून निघालेला धूर मोजायचा रकाना अहवालात नव्हता.

हे सगळं मी लोकांना रंगवून सांगतो. प्रोफेसरांवर हसतात, पाटलाला शिव्या घालतात. इथंच थांबलो की किस्सा फक्कड बसतो.

पण त्या दिवसानंतर मी तो हुकूम चारदा वाचला. मोजणीला गेलेल्या माणसानं जेवू नये, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. सकाळी निघताना वच्छलानं, म्हणजे आमच्या बायकोनं, सायकलला पिशवी अडकवली होती. म्हणाली होती, तिथं काही खाऊ नका, माहेरी कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी सायकलवर टांग टाकली होती. परत येताना गावाबाहेरच्या नाल्यापाशी सायकल लावली, इकडंतिकडं पाहिलं आणि डबा उघडला. पोळ्या होत्या आणि वांग्याचीच भाजी. त्या दिवशी आमच्याही घरची चूल पेटली होती.