लोट्यातला वायू

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. उमरेड रोडलगतच्या आमच्या वस्तीच्या मैदानात एकशे त्रेसष्ट माणसे सतरंज्यांवर बसली होती. मोजणी माझी आहे. आयुष्यभर तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवल्यामुळे ‘गर्दी प्रचंड होती’ एवढे लिहून माझे समाधान होत नाही. समोर मांडवात एक बाज होती आणि त्या बाजेवर माझी धाकटी बहीण देवकी उताणी पडली होती.

पहाटेपासून तिच्या छातीवर कोणी दगड ठेवल्यासारखा दाब होता, डाव्या खांद्यातून कळ निघत होती आणि ऐन थंडीत तिला घाम फुटला होता. आदल्या रात्री आम्ही सर्व जण एका साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, पाटवडीचा रस्सा जेवलो होतो. त्यामुळे तिचे यजमान केशवराव यांनी क्षणात निदान केले की हा गॅस आहे. केशवराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, सज्जन आणि देवकीला फुलासारखे जपणारे. निष्काळजीपणाने नव्हे, काळजीनेच ते तिला दवाखान्याऐवजी, दर रविवारी मैदानात मांडवाखाली लोट्याने उपचार करणाऱ्या लोटाबाबाकडे घेऊन आले आणि मला फोन करून म्हणाले, “दादा, तुम्ही पण या. डोळ्यांनं पाहा, मंग बोला.”

मी पोहोचलो तेव्हा प्रयोग सुरू झाला होता. चादर बाजूला सारून देवकीच्या बेंबीवर कणकेची लहान वाटी ठेवली होती आणि तीत तेलाची वात जळत होती. बाबांनी तांब्याचा लोटा उपडा धरून तो तिच्यावर टेकवला. वात विझली, लोटा पोटाला घट्ट चिकटला आणि पोटाची कातडी त्याच्या तोंडात ओढली गेली. सतरंजीवरून ‘जय हो’चा गजर उठला.

“डॉक्टर लोक म्हणते हार्ट, हार्ट,” बाबा माइकवरून सांगत होते. “अरे भाऊ, हार्ट बिचारा काय करेल? पोटातला वायू वरती चढते आन् हार्टले धक्के मारते. खालून वायू काढा, वरती हार्ट खुश. हे सायन्स आहे, सायन्स. अमेरिकेतही हेच चालू आहे, फक्त त्यायच्याजवळ लोटा नाही.”

लोक हसले. मग बाबांनी बोटाने लोट्याची कड किंचित दाबली आणि माइक तिथे नेला. ‘स्स्स्’ असा लांबलचक आवाज दोन्ही भोंग्यांतून मैदानभर पसरला. वायू निघाला, अशी कुजबुज झाली. केशवरावांनी डोळे मिटून हात जोडले. देवकीला एक ढेकर आली, ती हळूच उठून बसली आणि म्हणाली की दाब थोडा उतरला.

मी दोघांना स्पष्ट सांगितले की हे लक्षण हृदयाचे आहे आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचे. केशवराव म्हणाले की आवाज सर्वांनी ऐकला, आता शंकेला जागा कुठे उरली? मी वाद घातला नाही. कोपऱ्यावरून ऑटो आणून मांडवाशी उभा केला. देवकीने ऑटोच्या दांडीला धरलेही. पण तिचे लक्ष सतरंजीवरच्या बायकांकडे गेले आणि तिने हात काढून घेतला.

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या यमुताईंच्या छातीत असेच दुखले होते. मुलाने त्यांना धावतपळत दवाखान्यात नेले, रात्रभर ठेवले आणि सकाळी ते पित्त निघाले. तेव्हापासून त्यांना पाहिले की गल्ली विचारायची, “काय यमुताई, आज टाकी फुल आहे का?” यमुताई स्वतःही हसत असत. देवकीही हसली होती.

“दादा, आता बरं वाटून राहिलं मले,” ती म्हणाली. “तिथं नेलं आन् गॅसच निघाला, तं काय तोंड दाखवू? संध्याकाळी जाऊ ना. तुम्ही म्हणता म्हणून जाऊ.”

“उगाच हट्ट नको करू, बस वं,” मी म्हणालो.

“मी तुमची विद्यार्थिनी आहे का?” ती हसली आणि घराकडे वळली. मी ऑटोवाल्याला मागोमाग यायला सांगितले. तो तिच्या दारात उभा राहिला आणि मी ओट्यावर बसून राहिलो. आत तिने चहा ठेवला, सर्वांना दिला. दुपारी दोनच्या सुमारास ती स्वयंपाकघरात कोसळली आणि तोच ऑटो तिला घेऊन निघाला.

दवाखान्यात डॉ. गार्गी म्हणून तरुण हृदयरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी कार्डिओग्रामची पट्टी माझ्यासमोर धरली आणि शांतपणे समजावले की हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी एक नळी पहाटेच बंद झाली होती. ती नळी बंद राहिली की स्नायू तासातासाने मरत जातो. दुखणे मधूनच कमी होते, ढेकर येऊन हलकेही वाटते. पण नळी बंदच असते. “सकाळी आल्या असत्या, तर नळी उघडून स्नायू वाचवता आला असता,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मान खाली घातली. संध्याकाळी देवकी गेली. दवाखान्यात जायचे तिने मला कबूल केले होते, ती हीच संध्याकाळ.

तेरवीपर्यंत केशवराव येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत. गॅस तर पूर्ण निघाला होता, आवाज सर्वांनी ऐकला, मग तिचा काळच आला असेल. बाबाही मांडवात हेच सांगत असल्याचे कानावर आले. तेरवीचे पाहुणे पांगल्यावर केशवरावांनी मला आत बोलावले. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हते. त्यापेक्षा वाईट काहीतरी होते.

“दादा, मले एकच सांगा,” ते म्हणाले. “लोट्यातून ते काय निघालं होतं?”

देवकीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर एक कोहळे होते. त्याच्यावर कणकेची वाटी ठेवून वात लावली, घरातल्याच एका तांब्याच्या लोट्याच्या काठाला ओली कणीक थापली आणि लोटा उपडा टेकवला. वात विझली. थोड्या वेळाने मी लोटा उचलला, तर त्याच्याबरोबर कोहळेही उचलले गेले.

मग मी सांगितले. ज्योतीमुळे लोट्यातली हवा तापते, फुगते आणि तिच्यातली काही बाहेर निघून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते. आतला दाब कमी होतो, बाहेरच्या हवेचा दाब अधिक असतो, आणि तो लोट्याला जागेवर दाबून धरतो. लोटा पोटावर ठेवला तर हाच दाब कातडीला त्याच्या आत ढकलतो. यात मंत्र नाही आणि वायूही नाही.

“पण आवाज?” त्यांनी विचारले.

मी उदबत्ती पेटवून त्यांच्या हातात दिली आणि तिचे टोक लोट्याच्या कडेशी धरायला सांगितले. मग कणीक किंचित सैल केली. तोच ‘स्स्स्’ आवाज आला. उदबत्तीचा धूर वर जायचा सोडून वाकला आणि सरळ लोट्याच्या आत शिरला.

केशवरावांनी तो प्रयोग पुन्हा करायला लावला. नंतर आणखी एकदा. धूर प्रत्येक वेळी आतच गेला. शेवटी त्यांनी माझ्या हातून लोटा घेतला आणि वात स्वतः लावून पाहिली.

पुढच्या रविवारी ते कापडी पिशवी घेऊन मैदानात गेले. मी सोबत होतो, पण बोलायचे त्यांनीच ठरवले होते. त्यांना पाहताच बाबांचा चेहरा खुलला. साक्षीदार आपणहून आला होता. “या, या केशवभाऊ. यायच्या मंडळीचा वायू आम्हीच काढला होता. वायू निघाला, पण काळ आला, त्याले कोण थांबवते? सांगा लोकायले, आवाज आला होता का नाही?” असे म्हणत त्यांनी स्वतः माइक केशवरावांच्या हाती दिला.

“आला होता,” केशवराव म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून लोटा, कणीक, वात आणि कोहळे काढून बाजेवर ठेवले.

पहिल्यांदा लोटा टेकवण्याआधीच वात विझली. दुसऱ्यांदा लोटा चिकटला. त्यांनी तो उचलला, तसे कोहळेही हवेत लोंबकळले. ते खाली ठेवून त्यांनी कणीक किंचित सैल केली आणि माइक कडेशी धरला. दोन्ही भोंग्यांतून तोच आवाज गेला.

“आता सांगा, या कोहळ्याले कोणता गॅस झाला होता?”

बाबा म्हणाले की श्रद्धा नसलेल्या हातात लोटा उलटाच चालतो. त्यावर पहिल्या रांगेतल्या भाजीवाल्या प्रयागबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “पण बाबा, कोहळ्याची श्रद्धा होती का?” कोणीतरी हसले, आणि मग केशवरावांकडे पाहून थांबले.

त्यांनी लोटा पुन्हा चिकटवला, उदबत्ती पेटवली आणि पुढच्या रांगेला जवळ बोलावले. धूर आत जाताना त्या लोकांनी पाहिला आणि मागच्यांना सांगितले.

“निघालं काहीच नाही,” केशवराव म्हणाले. “हवा आत गेली. माही देवकी माह्यासमोर मरून राहिली होती, आन् मी त्या आवाजाले हात जोडून राहिलो होतो.” माइक त्यांनी माझ्याकडे दिला.

मी लोकांना एवढेच सांगितले. छातीच्या मध्यावर दाब, हात, जबडा किंवा पाठीत कळ, थंड घाम, मळमळ, धाप. यांपैकी काहीही अचानक सुरू झाले, तर ते पित्त आहे की हृदय हे घरात ठरवू नका. बायकांमध्ये तर ते बऱ्याचदा पित्तासारखेच वाटते. थोडे बरे वाटले तरी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि कार्डिओग्राम काढून घ्या. आणि जो जाऊन पित्त घेऊन परत येईल, त्याला हसू नका. आपल्या त्या हसण्याला घाबरून माझी बहीण ऑटोत बसली नाही.

लोटाबाबाने त्या आठवड्यात मांडव उचलला. केशवराव रोज संध्याकाळी मैदानाच्या कट्ट्यावर बसतात आणि कोणी छाती चोळताना दिसले की त्याला स्वतः ऑटोत घालतात. लोक त्यांना टाळत नाहीत. वर्षभरात आमच्या वस्तीतून छातीच्या दुखण्यासाठी अकरा जण वेळेत दवाखान्यात गेले. सात जणांचे पित्त निघाले, चौघांचे हृदय. अकराही जण आज जिवंत आहेत.